‘नेर्जा’चं ‘नेर्हा’ होईपर्यंत

मार्च २०२४ मध्ये आमच्या ऑफिसात चिलीहून एक मेल आला. मी तो मोबाइलवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर त्यांना म्हणे ‘कुरळे टॉवेल’ हवे होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत अठरा वर्षं मी टेरी टॉवेलच्या निर्यातीची कागदपत्रं करते, पण कुरळा टॉवेल काही पाहिला नव्हता. शेठ म्हणाले, "मॅडम, असलं काय नवीन डिझाइन आलंय का बघा की." दोन दिवस आम्ही नमुने धुंडाळले. मग उलगडा झाला. स्पॅनिशमध्ये कुरळ्या बटेला ‘रिसो’ म्हणतात आणि टॉवेलवर जे सुताचे लूप असतात त्यांनाही ‘रिसो’च. म्हणजे आम्ही इतकी वर्षं विकतोय तेच ते मागत होते.

त्या रात्री मी ऑनलाइन स्पॅनिशच्या क्लासला नाव घातलं. पुढच्या वर्षी जानेवारी ते एप्रिल मी स्पेनमधल्या नेर्हा नावाच्या समुद्रकाठच्या गावात राहून स्पॅनिश शिकून आले. एकूण ८७ दिवस. जाण्याआधी मी माहिती शोधत होते तेव्हा जे सापडलं ते सगळं पंचविशीतल्या मुलांनी लिहिलेलं होतं. चव्वेचाळिशीची, नोकरी करणारी, शाकाहारी, घरी सासूबाई आणि पुण्यात इंजिनिअरिंगला मुलगी असलेली बाई कशी जाते हे कुठं मिळेना. म्हणून लिहितेय.

ऑनलाइन क्लास इंग्रजीतून होता. सहा महिन्यांत मला रंग, नाती, आठवड्याचे वार आणि हॉटेलात पाणी मागणं आलं. समोरून कुणी बोललं की मात्र सगळं बंद. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘आय लाइक’, पण तसं नाही, खरं म्हणजे ‘इट प्लीजेस मी’, असं शिकवताना बाई दोन तास घालवायच्या आणि मी वहीत बाण काढत बसायचे. तेव्हा हेही माझ्या डोक्यात आलं नाही की ‘मला आवडतं’ याच्यात वेगळं काय आहे! ते पुढे येईल.

तिथं जाऊन राहिल्याशिवाय जमणार नाही हे ऑगस्टमध्ये ठरलं. दिल्लीला इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस आहे, स्पेन सरकारची भाषा शिकवणारी संस्था. तिथं तीन महिने राहावं का, हाही विचार केला. पण दिल्लीत राहिले असते तर क्लास सुटला की हिंदीच बोलले असते. माद्रिद आणि बार्सिलोना खर्चिक. शोधता शोधता मालागा शहराच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर हे गाव सापडलं. वस्ती वीसेक हजार, भाषाशाळा आहेत, सगळं पायी. समुद्राचा मोह नव्हता असं मी म्हणणार नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाला समोर सतत पाणी दिसणं काय असतं ते आम्हालाच कळेल.

घरी सांगितलं तेव्हा नवरा आधी गप्प बसला, मग म्हणाला, "पैशाचं बघ, सुट्टीचं बघ, मग बोलू." सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "तिथं भाकरी मिळती का?" शेठनी तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली आणि कोर्सच्या फीचा निम्मा भाग देतो म्हणाले. बाकीचे माझ्या सहा वर्षांच्या आरडीचे.

आता कागद. माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. सोलापुरातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, नूतनीकरणाची फी १५०० रुपये. पोलिस पडताळणीसकट तीन आठवड्यांत हातात आला. खरी गंमत पुढे. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं. बँकेच्या पासबुकावर नवऱ्याच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आयकर विवरणावर लग्नाआधीचं आडनाव, कारण पॅन कार्ड मी वीस वर्षं बदललंच नव्हतं. तीन कागदांवर तीन बायका! तुम्ही जाणार असाल तर सगळ्यात आधी हे बघा. मी पॅन दुरुस्त करून घेतलं, आणि जुनी विवरणं बदलता येत नाहीत म्हणून ‘या तिन्ही नावांची बाई एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून अर्जाला जोडलं.

व्हिसाबद्दल. नव्वद दिवसांच्या आतला कोर्स असेल तर शेंगेनचा, म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, छोट्या मुक्कामाचा व्हिसा चालतो. त्याहून लांबला तर विद्यार्थी व्हिसा लागतो, त्याचे कागद वेगळे. मी बारा आठवड्यांचा कोर्स त्यासाठीच धरला. नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि येण्याचा-जाण्याचा दिवसही मोजतात. फी ९० युरो, म्हणजे तेव्हाचे आठ हजारांवर. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. कागद असे: शाळेचं प्रवेशपत्र आणि फी भरल्याची पावती, राहण्याचा पुरावा, येण्याजाण्याचं विमानाचं आरक्षण, किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणं, पगारपत्रकं, ऑफिसचं रजेचं पत्र. आणि आपलं एक पत्र, की बाई मी का चाललेय आणि परत का येणार आहे. ते मी चार वेळा लिहिलं. शेवटी कुरळ्या टॉवेलचीच हकीकत लिहिली.

अर्ज मुंबईत देण्याची तारीख मिळायला पूर्ण नोव्हेंबर गेला. रोज सकाळी उठून आधी ते पान उघडायचं, चहा नंतर. ३ डिसेंबरची मिळाली. आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघाले, सकाळी सीएसएमटी. बोटांचे ठसे, फोटो, कागद. खिडकीतल्या मुलीनं सगळं चाळून घेतलं आणि काही बोलली नाही. मला वाटलं पास. १२ डिसेंबरला मेल आला की राहण्याचा पुरावा पहिल्या चारच आठवड्यांचा आहे, उरलेल्या आठांचा कुठंय? मी पहिला महिना एका कुटुंबात राहणार होते आणि पुढचं तिथं गेल्यावर बघू, असा आपला हिशेब. तो इथं चालत नाही. शाळेनंच मग एक सामायिक घर मिळवून दिलं, पत्र पाठवलं, मी ते पुढे धाडलं. त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. ऑफिसात कुरिअरवाला दिसला की मी उभी राहायची. साधारण पंधरा दिवसांत निर्णय होतो आणि कागद मागवले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, हे तेव्हा माहीत असतं तर वजन दोन किलोनं उतरलं नसतं.

३ जानेवारीला पासपोर्ट आला. स्टिकरवर दोन गोष्टी वेगळ्या बघायच्या: व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालतो ते, आणि राहायचे दिवस किती ते. माझी मुदत मेपर्यंत होती, पण दिवस मागितले तेवढेच, ८७. मुदत बघून तिकीट पुढे ढकलणारे लोक इथंच फसतात.

मग सोलापूरची गड्ड्याची यात्रा आली. अक्षता सोहळ्याला गेले, सात नंदीध्वज बघितले आणि सिद्धरामेश्वराला सांगितलं की तीन महिने माझं जरा बघा. २३ तारखेच्या रात्रीच्या गाडीनं मुंबई, एक दिवस नणंदेकडे डोंबिवलीला, २५ च्या पहाटे विमान. इस्तंबूलला बदलून दुपारी मालागा. बॅगेत शेंगा चटणी, कडक भाकरी, मेतकूट आणि घरमालकिणीसाठी एक सोलापुरी चादर. तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. मी तुपाची बरणी नणंदेकडे ठेवून गेले. आले तेव्हा ती रिकामी होती.

पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याला मी पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं. त्यानं इंग्रजीतून विचारलं, "किती दिवस?" झालं. सहा महिन्यांचा अभ्यास तिथंच संपला.

विमानतळावरून लोकल रेल्वेनं मालागा, तिथून बस. तिकिटाच्या खिडकीवर मी म्हटलं, "नेर्जा." बाईला कळेना. पुन्हा म्हटलं. मग चिठ्ठीवर लिहून दाखवलं. "आह, नेर्हा!" ‘J’ या अक्षराचा उच्चार स्पॅनिशमध्ये ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला असतो, आणि नेर्हा ज्या प्रांतात आहे त्या अंदालुसियात तर सरळ ‘ह’. मला नियम माहीत होता. वहीत लाल शाईनं लिहिलेला होता. पण ज्या गावाला तीन महिने राहायचं त्याच गावाचं नाव मी पाच महिने इंग्रजीसारखं वाचत होते.

घरमालकीण सत्तरीची विधवा. पहिल्या रात्री तिनं नऊ वाजता मसुराची आमटी वाढली. मी आधीच कळवलं होतं की मी शाकाहारी. वास वेगळा आला, चमचा घातला तर खाली लाल चकत्या. मी म्हटलं, हे मांस आहे ना? ती म्हणाली, "चोरिसो आहे, पण मी तुझ्या ताटात अगदी थोडासाच घातलाय." चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. स्पेनमध्ये ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबू नका. ‘भाज्यांचं सँडविच’ मागवलं तर त्यात टूना मासा निघतो, हेही मी शिकले. एकेक नाव घेऊन सांगायचं: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतुन. ‘सिन’ म्हणजे शिवाय, पुढचे शब्द म्हणजे मांस, मासा, हॅम, टूना. मी ते कागदावर लिहून पाकिटात ठेवलं होतं, आणि बाराव्या आठवड्यातही वापरत होते. त्या रात्री खोलीत जाऊन कडक भाकरी चटणीत चुरून खाल्ली आणि थोडी रडले. जेट लॅग असेल.

सोमवारी २७ जानेवारीला शाळा सुरू. पातळी ठरवायची परीक्षा झाली, मला ए-टूच्या, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीच्या वर्गात घातलं. वर्गात आठ जण, मी आणि एक निवृत्त जर्मन गृहस्थ सोडले तर सगळे विशीतले. साडेनऊपासून एक वाजेपर्यंत तास, मग सुट्टी. दुपारी दोन ते पाच गाव बंद. इंग्लंडहून आलेली मुलं यावर फार चिडायची. मला काहीच वाटलं नाही. मे महिन्यात दुपारी दोनला सोलापुरात तरी कोण दुकान उघडं ठेवून बसतंय?

पहिले तीन आठवडे वाईट गेले. पुस्तकातली स्पॅनिश आणि नेर्हातली स्पॅनिश यांच्यात पुण्याची मराठी आणि सोलापूरची मराठी एवढं अंतर. तिथं शब्दाच्या शेवटचा ‘स’ खाऊन टाकतात. ‘मास ओ मेनोस’ म्हणजे ‘जवळपास, साधारण’, त्याचं ‘मा ओ मेनो’ होतं. पेस्कादोचं ‘पेस्काओ’. मी मनात वाक्य इंग्रजीत जुळवायचे, मग स्पॅनिशमध्ये आणायचे, तोवर दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घसा बसला, नाक वाहायला लागलं. औषधाच्या दुकानात बाईनं विचारलं, "एस्ता कोन्स्तिपादा?" मला इंग्रजी ‘कॉन्स्टिपेटेड’ ऐकू आलं. मी हात हलवून सांगितलं, नाही नाही, पोट रोज साफ होतं. मागं चार माणसं उभी होती. ‘कोन्स्तिपादा’ म्हणजे सर्दी झालेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात ‘से मे कायो एल वासो’ हे वाक्य आलं. वासो म्हणजे पेला. ‘मी पेला पाडला’ असं ते सरळ म्हणत नाहीत, पेला आपोआप पडला आणि तो माझ्या बाबतीत पडला, अशी काहीतरी रचना. बाई फळ्यावर आकृती काढून समजावत होत्या, इंग्लंडची मुलगी डोकं धरून बसली होती. मी तापाच्या ग्लानीत होते, आणि ते मला इंग्रजीतून न येता थेट आलं: माझ्या हातून पेला पडला. बास. यात समजावण्यासारखं आहे काय? आपण आयुष्यभर असंच बोलतो. दूध माझ्याकडून सांडलं, किल्ली माझ्याकडून हरवली. दोष आपला, पण वाक्यात तो हळूच बाजूला ठेवायचा.

त्या संध्याकाळी वही उलटी धरून मागच्या पानापासून सुरुवात केली. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी. इंग्रजीला जागाच नाही. ‘मे गुस्ता’: मला आवडतं. ‘मे दुएले ला काबेसा’: माझं डोकं दुखतं. ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर बघते, पण माणूस असेल तर मध्ये ‘आ’ घालायचा, ‘बेओ आ ला सेन्योरा’. यावर बाईंनी एक अख्खा तास घेतला होता. आपण तरी काय करतो? ‘मी घर बघते’, पण ‘मी बाईंना बघते’. माणूस आला की प्रत्यय येतो. नामांना लिंग असतं याचा त्या मुलांना भयंकर त्रास व्हायचा, टेबल बाई का आणि पुस्तक बुवा का. आपल्याकडे तर तीन लिंगं आहेत, दोनचं काय कौतुक. त, द हे दाताला जीभ लावूनच म्हणायचे, तेही आयतं. आणि ज्या ‘सुबहुंतिबो’ला सगळे घाबरतात, ‘किएरो के बेंगास’, ते म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. शाळेत आठवीला घोकलेला विध्यर्थ! व्याकरणाच्या बाईंनी तेव्हा छड्या मारल्या त्याचं तीस वर्षांनी असं चीज झालं.

सगळंच जुळतं असं मात्र नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन्ही आपली ‘असणं’च, कुठं कुठलं वापरायचं यात मी आजही चुकते. भूतकाळ दोन तऱ्हेचे, तिथंही अडखळते.

शब्दांची तर वेगळीच मजा. दुकानात पैसे देताना बाई म्हणायची, "बा आ पागार कोन तार्हेता?" म्हणजे कार्डानं देणार का. मला पहिल्यांदा नुसतं ‘पगार’ ऐकू आलं. आपला पगार पोर्तुगीज शब्दावरून आलाय, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. मेज, मेसा. साबण, खाबोन. आणि हिंदीतला तौलिया म्हणजे तोआया, टॉवेल! अठरा वर्षं ज्याच्या पावत्या फाडल्या त्या मालाचं नाव माहीतच होतं की मला.

टॉवेलचं सांगते. ऊन पडलं की बुर्रियानाच्या किनाऱ्यावर लोक रांगेनं टॉवेल पसरून पडलेले. माझं लक्ष समुद्राकडे कमी. कुणी पाण्यात गेलं की मी चालता चालता टॉवेलचा कोपरा बघायची: लूप ओढले गेलेत का, कडेची शिलाई दुहेरी आहे का, वजन चारशे जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम) असेल की पाचशेचं. एकदा धीर करून एक कोपरा उचलून लेबल वाचलं. पोर्तुगाल. मालकीण पाण्यातून ओली बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी जे स्पॅनिश बोलले त्यात व्याकरण नव्हतं, पण ‘सोलापूर’, ‘तोआया’ आणि ‘त्राबाहो’ (काम) एवढे तीन शब्द होते. ती मागं टेकून हसायला लागली आणि मला तो टॉवेल नीट बघायला दिला. अर्धा तास बोललो. पहिला खरा संवाद तो.

मार्चमध्ये मात्र समुद्रकिनाऱ्याचं सुख संपलं. एकामागून एक वादळं आली, दोन-अडीच आठवडे नुसता पाऊस. उन्हासाठी पैसे भरून आलेली मुलं खिडकीत बसून कुरकुरायची. मी तोवर सामायिक घरात राहायला गेले होते, पण रविवारी जुन्या मालकिणीकडे चहाला जायची. ती खिडकी उघडून पाऊस बघत बसायची. त्या भागातलं मोठं धरण, ला विन्युएला, कित्येक वर्षांच्या दुष्काळानं तळाला गेलं होतं. रोज बातम्यांत त्याची पातळी सांगायचे. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच, उजनी किती टक्के भरलं हे पेपरात पहिल्या पानावर येतं. ‘उजनी’ तिनं दोनदा म्हणून बघितलं, ‘उह्नी’. मग दर रविवारी आम्ही दोघी धरणांचे आकडे बोलायचो. माझी आकडे सांगायची तयारी तिथं झाली. पायावर तिनं चादर घेतलेली असायची, मी दिलेली, मोरांची नक्षी असलेली.

पाऊस थांबल्यावर एका शनिवारी डोंगरातल्या फ्रिहिलियाना गावी गेले, बसनं वीस मिनिटं. तिथं हॉटेलात वांग्याचे तळलेले काप येतात आणि त्यावर काळसर पाक ओतलेला. ‘मिएल दे कान्या’, शब्दशः उसाचा मध. चाखला तर काकवी! या भागात पूर्वी ऊस खूप व्हायचा, आणि फ्रिहिलियानात अजूनही एक कारखाना उसाची काकवी काढतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला साखर कारखाना दाखवायचा म्हणजे कोळ्याला मासा दाखवण्यासारखं, तरी मी अर्धा तास बाहेर उभी राहिले. एक बाटली सासूबाईंसाठी घेतली.

पैशाचं. बारा आठवड्यांची फी १७४० युरो. कुटुंबातला चार आठवड्यांचा मुक्काम नाश्ता-जेवणासह ८८०, पुढचे आठ आठवडे सामायिक घर ११२०. स्वतः करून खाल्लं तर आठवड्याला साठ-सत्तर युरोत भागतं. मसूर, छोले, तांदूळ, भाज्या सगळं मिळतं, फक्त ज्वारीचं पीठ नाही. विमान ६२ हजार. सगळं धरून साडेपाच लाखांच्या आतबाहेर. जानेवारीत युरो नव्वदच्या आसपास होता, एप्रिलमध्ये पंच्याण्णवच्या पुढे गेला. मी कार्डावर आधीच बरेचसे युरो भरून ठेवले होते म्हणून वाचले. एका आर्थिक वर्षात सात लाखांपर्यंत बाहेर पाठवले तर तेव्हा टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापत नव्हते, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झालीय. आणि भारतातलं सिम चालू ठेवा. ओटीपी त्याच्यावरच येतो. मी ते बंद करून गेले होते आणि पहिल्याच आठवड्यात कार्ड अडकलं. नवऱ्याला सोलापुरात दुकानात चकरा माराव्या लागल्या.

फोन रोज घरच्यांच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी. आधी साडेचार तासांचा फरक, ३० मार्चला तिकडची घड्याळं पुढे गेल्यावर साडेतीन. सासूबाईंना ते पटलंच नाही. "घड्याळ कसं पुढं जाईल गं आपोआप?"

१३ एप्रिलला पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, सुरू झाला. अरुंद गल्लीतून खांद्यावर मूर्तीचं प्रचंड मखर घेऊन माणसं चाललेली, घंटा वाजली की थांबायचं, पुन्हा वाजली की एकदम उचलायचं, ढोल, आणि माणसांच्या घामानं भिजलेल्या पाठी. मला नंदीध्वज पेलणारे आमचे मानकरी दिसले. तिथं उभं राहून घरची फार आठवण आली, पूर्ण तीन महिन्यांत आली नव्हती तेवढी.

१८ तारखेला कोर्स संपला. शेवटच्या परीक्षेत ऐकणं आणि वाचणं बी-वनला, म्हणजे पुढच्या पातळीला टेकलं, बोलणं ए-टूतच राहिलं. प्रमाणपत्रावर तसं लिहिलंय. २१ ला निघाले. मालागाच्या बसमध्ये ड्रायव्हरनं रेडिओ मोठा केला. "आ मुएर्तो एल पापा." आधी मला वाटलं कुणाचे तरी वडील वारले. मग ध्यानात आलं की वडील असते तर जोर शेवटच्या अक्षरावर आला असता, हे पोप. सगळी बस गप्प झाली होती, आणि मी वाक्य मनात कुठल्याच भाषेत न फिरवता गप्प झाले होते.

मे महिन्यात चिलीहून फोन आला. मेल नाही, फोन. त्यांची स्पॅनिश आणखी वेगळी, शब्द गिळणारी. दोनदा हळू बोला म्हणून विनवलं. मग कळलं: एका लॉटमध्ये धुतल्यावर लूप ओढले जातायत. ‘रिसो’. मी नमुन्याचा तुकडा समोर घेऊन बघितला, त्याचं खरं होतं. माझ्या तोंडून निघालं, "से नोस पासो." आमच्या नजरेतून सुटलं. तो जरा हसला, आणि पुढचं बोलणं सरळ झालं.

शेठ दारात उभे होते. "काय म्हणायलाय?"

"दहा टक्के सूट मागायलाय," मी म्हटलं.

"एवढं कळलं व्हय तुम्हाला!" शेठ म्हणाले, आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले.